फ्रेडी मर्क्युरी : पाचगणीच्या होस्टेलचा पोरगा

मित्रांनो, गॅदरिंगच्या दिवसांत आपल्या हॉलमध्ये एक ठेका हमखास वाजतो. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. मेसमध्ये भाजी यायला उशीर झाला की ताटांवर तोच ठेका, क्रिकेटच्या मॅचला तोच. कोणी शिकवलेला नाही, पण सगळ्यांना येतो. हा ठेका १९७७ सालच्या 'वी विल रॉक यू' या गाण्याचा आणि ते गाणं 'क्वीन' या इंग्लंडच्या बँडचं, एवढं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण ज्या गळ्याने हे गाणं जगभर नेलं, तो गळा लहानपणी सुमारे आठ वर्षं आपल्याच महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत राहत होता, असं सांगितलं की रूमवरची निम्मी मंडळी त्याला थाप समजतात!

थाप नाही, खरं आहे. त्याचं नाव फर्रुख बुलसारा. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतं. १९९१ साली तो गेला, वय अवघं ४५. स्वतःबद्दल तो फार कमी बोलला. मुलाखती टाळायचा, बालपणाचा विषय निघाला की बगल द्यायचा. मग अशा माणसाला ओळखायचं कसं? माझा उपाय सोपा आहे. 'क्वीन'ने १९७३ ते १९९१ या काळात चौदा स्टुडिओ अल्बम काढले, पंधरावा त्याच्या मृत्यूनंतर आला. हे पंधरा अल्बम क्रमाने ऐकायचे. निवडक हिट गाणी नव्हे, पूर्ण अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मी ते केलं आणि माझ्या मते फ्रेडीचं खरं चरित्र तिथेच आहे.

आता हा प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय प्रकार, ते आधी सांगतो. साधं गाणं तीन मिनिटांचं असतं. मुखडा, अंतरा, मुखडा, संपलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना ही चौकट अपुरी वाटू लागली. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, पिंक फ्लॉइड या बँडनी दहा-दहा, वीस-वीस मिनिटांच्या रचना केल्या. त्यात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आलं, जॅझ आलं, कथा आल्या, मध्येच ताल बदलू लागला. एक पूर्ण अल्बम म्हणजे एक पूर्ण कलाकृती, हा त्यामागचा विचार. 'क्वीन'ला या यादीत बसवायचं की नाही यावर जाणकार अजून भांडतात. पण त्यांचे पहिले चार अल्बम ऐका, हे बीज तिथे स्पष्ट दिसतं.

फर्रुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. आईवडील पारशी, मूळ गुजरातमधल्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. आडनाव त्या गावावरूनच आलं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी आठेक वर्षांच्या फर्रुखला बोटीने हिंदुस्थानात पाठवलं. मुंबई, मग पुणे, वाई, पसरणीचा घाट आणि वर पाचगणीचं सेंट पीटर्स स्कूल. आपण जालन्याहून निघालो तर हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास भरेल. एवढ्याशा पोराने समुद्र ओलांडून यायचं आणि वर्षाचे बहुतेक महिने आईवडिलांशिवाय काढायचे. आपल्याला अठराव्या वर्षी पहिल्या सेमिस्टरला घरची आठवण येते... तो तर आठ वर्षांचा होता. सुट्टीत घरी जाणं दरवेळी जमत नसे, मग तो मुंबईतल्या नातेवाइकांकडे राहायचा.

या शाळेतच फर्रुखचा 'फ्रेडी' झाला. दातांची रचना जरा वेगळी, मागे जास्तीचे दात असल्याने पुढचे दात बाहेर आलेले. पोरं त्यावरून चिडवायची. होस्टेल म्हणजे काय ते कुठल्याही काळी, कुठल्याही देशात सारखंच! पण पियानो शिकायची सोय होती आणि तिथे त्याचे हात बसले. बाराव्या वर्षी त्याने चार शाळासोबत्यांना घेऊन 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. शाळेच्या कार्यक्रमांत ही पोरं क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी वाजवायची. गंमत अशी की या बँडचा गायक दुसराच मुलगा होता. फ्रेडी मागे पियानोवर असायचा. शेवटच्या वर्षांत अभ्यास मागे पडत गेला आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंब घरदार सोडून इंग्लंडला आलं आणि लंडनजवळच्या फेल्टम गावात राहू लागलं. सतराव्या वर्षी फ्रेडीचा तिसरा देश सुरू झाला.

तिथे त्याने इलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा केला. सुट्ट्यांत विमानतळावर काम केलं, पुढे जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. मधल्या काळात दोन-तीन बँडमध्ये गायला, पण कुठे टिकला नाही. त्याच्या ओळखीत 'स्माईल' नावाचा एक बँड होता. त्यातला गिटारवाला ब्रायन मे, ड्रमवाला रॉजर टेलर. १९७० मध्ये त्यांचा गायक सोडून गेला आणि फ्रेडी आत शिरला. बँडचं नाव 'क्वीन' त्याने ठेवलं, बोधचिन्हही त्यानेच काढलं. त्यात चौघांच्या राशी आहेत : दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. स्वतःचं आडनावही त्याने याच सुमारास बदललं, मर्क्युरी केलं. १९७१ मध्ये बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ती शेवटपर्यंत बदलली नाही.

आपल्यासाठी खरी मेजवानी इथे आहे. जॉन डीकन म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, चेल्सी कॉलेजातून प्रथम श्रेणीत पास झालेला. त्याला कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. तो त्याने एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. तो 'डीकी अँप' पुढे 'क्वीन'च्या कितीतरी रेकॉर्डिंगमध्ये वाजला. ब्रायन मे हा इंपिरियल कॉलेजचा, भौतिकशास्त्राचा. त्याची गिटार बाजारातली नव्हती. शाळकरी वयात त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवलेली. लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, ट्रेमोलोच्या दांडीला सायकलचा भाग आणि टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' या अल्बममध्ये 'गुड कंपनी' नावाचं गाणं आहे. त्यात एक अख्खा जॅझ बँड वाजतोय असं वाटतं. तो बँड नाहीच! ती सगळी वाद्यं म्हणजे ही गिटार आणि तो कचऱ्यातला अँप. आपल्या एमआयडीसीत रोज भंगार वितळवून सळई होते, तेव्हा जालनेकरांना हे वेगळं समजवायला नको. माल कुठून आला याला महत्त्व नाही, भट्टी किती तापली याला आहे. आणि हो, केटी लागलेल्यांसाठी दिलासा : ब्रायन मेने १९७० मध्ये सुरू केलेली पीएच.डी. बँडपायी सोडली आणि ती पूर्ण केली २००७ मध्ये. विषय होता सूर्यमालेतली धूळ.

आता अल्बम. पहिला 'क्वीन' आला जुलै १९७३ मध्ये. स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून मोठे कलाकार काम संपवून गेले की उरलेल्या वेळात, बरेचदा रात्री, ही मंडळी रेकॉर्डिंग करायची. आवाज जरा कच्चा आहे, पण फ्रेडीच्या डोक्यातली एक काल्पनिक परीनगरी, 'राय' नावाची, इथे पहिल्यांदा दिसते. दुसरा अल्बम 'क्वीन टू', मार्च १९७४ चा. माझा सर्वांत लाडका. तबकडीच्या दोन बाजूंना बाजू एक, बाजू दोन न म्हणता पांढरी आणि काळी अशी नावं दिली. पांढऱ्या बाजूवर मुख्यतः ब्रायनची गाणी, काळी पूर्ण फ्रेडीची. त्यातलं 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन' साडेसहा मिनिटांत इतके रंग बदलतं की पहिल्यांदा ऐकताना डोकं गरगरतं. तिथेच 'द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' आहे. लंडनच्या टेट संग्रहालयातलं रिचर्ड डॅडचं चित्र पाहून रचलेलं. चित्रात जेवढी बारीक गर्दी, तेवढीच गाण्यात.

हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला परकं वाटतं. पण आपण मराठवाड्याचे लोक, नाथांचं पैठण आपल्या शेजारी. भारूड आपल्या कानावरून गेलेलं असतं. भारुडात एकच माणूस कधी वासुदेव होतो, कधी जोशी, कधी मुका, कधी बहिरा. सोंग घेऊन तो असं काही सांगून जातो, जे सरळ तोंडाने सांगता येत नाही. फ्रेडीची गाणी मला या कानाने ऐकल्यावर कळली. परी, राणी, राजा, गुन्हेगार... सोंगं बदलतात, आत माणूस एकच.

'शीअर हार्ट अटॅक' १९७४ च्याच नोव्हेंबरात आला आणि 'किलर क्वीन' इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मग १९७५. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' आणि त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. परत-परत येणारा मुखडा नाहीच. आधी नुसते आवाज, मग पियानोवरचं संथ गाणं, मग गिटार, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक आणि शेवटी पुन्हा शांत. ऑपेराच्या भागातला जमाव म्हणजे फक्त तीन गळे : फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. चोवीस ट्रॅकची टेप होती. तिघांनी गायचं, ते ट्रॅक एकत्र करून एका जागी आणायचे, रिकाम्या जागेवर पुन्हा गायचं, पुन्हा एकत्र करायचं. टेपवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. ती हेडवरून दरवेळी फिरली की तो थर थोडा-थोडा झिजतो. शेवटी टेप उजेडात धरली तर आरपार दिसायची, असं ब्रायन मे सांगत आला आहे. कंपनीला एवढं लांब गाणं नको होतं. फ्रेडीने त्याची प्रत केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवरच्या मित्राला दिली आणि त्याने दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं! गाणं नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याचा अर्थ काय, हे फ्रेडीने मरेपर्यंत कुणालाही उलगडून सांगितलं नाही.

यश मिळालं की माणूस तेच-तेच करू लागतो. 'क्वीन'ने तसं केलं नाही. १९७७ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' आला आणि मागचं सगळं नक्षीकाम बाजूला ठेवून त्यांनी नुसते पाय आणि टाळ्या रेकॉर्ड केल्या. प्रेक्षकांना आपल्याबरोबर गाता यावं, म्हणून. ब्रायनमधला भौतिकशास्त्रज्ञ इथे कामाला आला. मूठभर लोकांच्या आवाजाच्या प्रती थोड्या-थोड्या उशिराने एकावर एक टाकल्या आणि तो उशीर मूळ संख्यांच्या हिशोबाने ठेवला, म्हणजे प्रतिध्वनी न वाटता हजारोंचा जमाव वाटेल. १९७८ च्या 'जॅझ'मध्ये 'मुस्तफा' आहे. अरबी-फारसी वळणाच्या शब्दांचं, अजानीसारखं सुरू होणारं. झांझिबारमध्ये कानावर पडलेला सूर इथे उमटला असावा, असं मला वाटतं. सुरुवातीच्या अल्बमच्या वेष्टनावर सिंथेसायझर वापरलेला नाही अशी नोंद असायची. १९८० च्या 'द गेम'मध्ये तोही वापरला. त्याच अल्बममधलं डीकनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' अमेरिकेत पहिलं आलं. १९८२ चा 'हॉट स्पेस' मात्र बऱ्याच चाहत्यांना पचला नाही, आणि तो मलाही जड जातो. चाहता झालो म्हणून सगळंच गोड लागलं पाहिजे असं थोडंच आहे?

पडती बाजू आणखीही आहे. १९८४ मध्ये वर्णभेदी राजवट असलेल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला त्यांनी कार्यक्रम केले. त्यावर टीका झाली, संगीतकारांच्या संघटनेने दंड केला. झांझिबारमध्ये जन्मलेल्या, पाचगणीत शिकलेल्या माणसाने तिथे गायला नको होतं, असंच आज वाटतं. बँड मोडतो की काय अशी स्थिती असताना १३ जुलै १९८५ ला इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्बली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' झाला. प्रत्येकाला वीस मिनिटांच्या आसपास वेळ. सुमारे ७२ हजार माणसं समोर, बहुतेकांनी 'क्वीन'साठी तिकीट काढलेलं नाही. दिवसाउजेडी, प्रकाशयोजना नाही. फ्रेडी आला, पियानोवर बसला आणि पुढची वीस मिनिटं त्याचीच झाली. पाचगणीला दुसऱ्याच्या मागे पियानो वाजवणारा तो हाच! पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९८६ ला, नेबवर्थ पार्कमध्ये लाखाहून जास्त लोकांसमोर तो 'क्वीन'बरोबर शेवटचा गायला. शेवटचा, हे मात्र तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

१९८७ मध्ये त्याला एड्स असल्याचं निदान झालं. त्या काळी या आजाराला प्रभावी औषध नव्हतं आणि लोकांची जीभ आजारापेक्षा जास्त विखारी होती. फ्रेडीचं पुरुषांवर प्रेम होतं, हेही त्याने कधी उघडपणे मांडलं नव्हतं. वर्तमानपत्रवाले दाराशी तळ ठोकून बसले. फ्रेडीने तिघा साथीदारांना सांगितलं आणि त्यांनी ते पोटात ठेवलं. बाहेर कुणी विचारलं तर सरळ नाकारायचे. १९८९ च्या 'द मिरॅकल'पासून त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गाणं कोणीही रचलेलं असो, नाव चौघांचं. त्याआधी श्रेयावरून आणि पैशावरून कडाक्याची भांडणं व्हायची. आपल्याकडे प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये होतात तशीच. मरण दिसू लागल्यावर ती मिटली.

फेब्रुवारी १९९१ मध्ये 'इन्युएंडो' आला. साडेसहा मिनिटांचं शीर्षकगीत, मध्येच स्पॅनिश फ्लेमेंको गिटार, आणि ती वाजवणाऱ्यांत 'येस' या प्रोग्रेसिव्ह बँडचा स्टीव्ह हाऊ! सोळा-सतरा वर्षांनी ते पुन्हा 'क्वीन टू'च्या वाटेवर आले. चालतानाही त्रास होत असताना फ्रेडी 'द शो मस्ट गो ऑन'सारखं चढं गाणं गायला. हा आवाज आजारी माणसाचा आहे, हे न सांगता कुणाला कळणार नाही. त्यानंतरही स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत तो जमेल तेव्हा, जमेल तेवढं गात राहिला. 'मदर लव्ह' हे त्यातलं शेवटचं. शेवटचं कडवं उरलं असताना तो थकला, नंतर गाऊ म्हणून गेला आणि परत येऊ शकला नाही. ते कडवं ब्रायनने गायलं. १९९५ च्या 'मेड इन हेवन'मध्ये हे गाणं आहे. हेडफोन लावून ऐका. एका आवाजातून दुसरा आवाज सुरू होतो तिथे काय होतं ते लिहून सांगता येत नाही...

२३ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडीने निवेदन काढून आजार जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, २४ ला, लंडनच्या राहत्या घरी तो गेला. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. आयुष्यभर ज्या मुळांबद्दल तो बोलला नाही, ती शेवटी सोबत होती. त्याच्या नावाने एड्सविरुद्ध काम करणारी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट ही संस्था १९९२ मध्ये निघाली. २०१८ मध्ये त्याच्यावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा आला आणि त्याची भूमिका करणाऱ्या रामी मालेकला ऑस्कर मिळालं. नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना फ्रेडी कळला तो त्यामुळे.

मग फ्रेडी आपला का? झांझिबार, हिंदुस्थान, इंग्लंड, तिघेही हक्क सांगतात. पाचगणीचा म्हणून आपण छाती फुगवू शकतो, पण त्यात आपलं कर्तृत्व काय? मला दुसरंच काहीतरी जवळचं वाटतं. भोकरदन, मंठा, घनसावंगीहून होस्टेलला आलेली आपली कितीतरी पोरं पहिलं वर्ष गप्प राहून काढतात. कुणी बोली लपवतं, कुणी घरची परिस्थिती, कुणी आजार, कुणी मनातलं आणखी काही. लपवणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. फ्रेडीनेही नाव लपवलं, गाव लपवलं, आजार लपवला. पण आवाज लपवला नाही. जे स्वतःच्या नावाने सांगता आलं नाही ते त्याने गाण्यात सांगितलं आणि ते सांगता यावं म्हणून तीन मित्रांनी वीस वर्षं त्याच्यासाठी जागा धरून ठेवली. प्रत्येकाला फ्रेडीचा गळा मिळत नाही. पण रूमवरच्या गप्प पोरासाठी तशी जागा धरणारा मित्र मात्र आपल्यापैकी कुणालाही होता येतं.

तेव्हा मित्रांनो, सबमिशन संपलं की एवढं करा. हिट गाण्यांची यादी बाजूला ठेवा. लाइट घालवा, 'क्वीन टू' लावा, तेही पांढऱ्या बाजूपासून. एका रात्री एकच अल्बम, म्हणजे पंधरा रात्रींत पंधरावा गाठाल. तोपर्यंत फ्रेडी कोण होता हे विचारायला माझ्या रूमवर यायची गरज उरणार नाही. तरीही आलात तर स्वागत आहे, चहा मात्र तुमचा!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स